"घरी कळलं तर?"

परीक्षेचे निकाल लागले की पुढचे पंधरा दिवस माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, मॅडम, घरी कळलं तर? विषय राहून बॅक लागला, वायडी लागून वर्ष गेलं, फीचे पैसे दुसरीकडेच खर्च झाले, प्रकरण वेगवेगळं पण भीती हीच. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय, थोडं दुसऱ्या मुलांचंही मिसळलंय).

मुलगा परभणीकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. एम-टू, म्हणजे फर्स्ट इयरचा गणिताचा दुसरा पेपर, काही सुटेना, आणि फर्स्ट इयरचे सगळे विषय निघाल्याशिवाय थर्ड इयरला घेत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. घरी मात्र सांगितलेलं की थर्ड इयर सुरू झालं. मग काय, रोज सकाळी बॅग घेऊन रूमवरून निघायचं, लायब्ररीत नाहीतर कुठल्यातरी टपरीवर दिवस काढायचा, रात्री नऊला आईचा फोन आला की आज कुठलं लेक्चर झालं ते रचून सांगायचं. हळूहळू फोन उचलणं बंद केलं. झोप पहाटे चारला. मित्राने ढकलत आणला होता.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "तुम्ही घरी फोन कराल का?"

हा प्रश्न दहातली आठ मुलं विचारतात, म्हणून इथेच स्पष्ट सांगते. नाही करत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयता हा तुमचा हक्क म्हणून लिहिलाय. जीवाला धोका असेल तर मात्र मी गप्प बसत नाही आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

त्याला म्हटलं, डोक्यात जे फिरतंय ते कागदावर लिही. त्याने तीन ओळी लिहिल्या. मला पास व्हायलाच पाहिजे होतं. पप्पांना हे कळताच कामा नये. कळलं तर सगळं संपलंच.

मी पेन्सिलने फक्त 'च'भोवती गोल केले. तीन ओळी, तीन 'च'. म्हटलं, पहिल्या ओळीतला तेवढा एक काढ आणि मोठ्याने वाच.

"मला पास व्हायला पाहिजे होतं." थांबला. परत पहिल्यासारखं वाचलं, परत 'च' काढून वाचलं. मी काहीच बोलले नाही, खरं सांगायचं तर अशा वेळी गप्प बसायला शिकायलाच मला दहा वर्षं लागली.

मग म्हणाला, "मॅडम, 'च' काढून वाचलं तर वाईट वाटतंय. 'च' ठेवून वाचलं तर मेल्यासारखं वाटतंय."

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास जे मांडलं, की घटनेपेक्षा आपण तिच्यावर लादलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो, ते या पोराने एका वाक्यात सांगितलं. आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो हे मला तिथेच, त्याच्यासमोर बसून सुचलं, तेव्हापासून पेन्सिल कायम टेबलावर असते. वाईट वाटू द्यावं, वर्ष गेलंय तर वाईट वाटणारच ना. ते वाईट वाटणं घालवायचं नसतं.

पण 'मेल्यासारखं' म्हणाला ते मी सोडलं नाही. सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का? हो, दोनदा आले होते, पण तसं काही करायचं ठरवलेलं नव्हतं. विचारल्याने डोक्यात भरतं असं लोकांना वाटतं, तसं नसतं, विचारलं की पोरं सुटल्यासारखी रडतात. त्याच्या मित्रालाही हे समजावलं आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतला, फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो.

पुढच्या चार-पाच भेटी घरी कसं सांगायचं यातच गेल्या. यावर माझं मत पक्कं आहे. फोनवर नको, जाऊन सांगा. अर्धं सांगू नका, उरलेलं अर्धं परत लपवावं लागतं. आधी घरातल्या एकाला सांगा, या मुलाने मोठ्या बहिणीला सांगितलं. आणि जाताना पुढचं काहीतरी हातात असू द्या, म्हणजे पेपर कधी, फी किती, तोवर काय करणार. आईवडिलांनो, तुम्हालाही एक सांगते, रोजच्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नका विचारू, पोरं तिथूनच खोटं बोलायला लागतात.

तो गावी जाऊन आला. मला वाटलं होतं पप्पा जवळ घेतील वगैरे, तसं काही झालं नाही. सोयाबीनचे पैसे फीत गेले होते, पप्पा भयंकर ओरडले, दोन दिवस बोलले नाहीत. "वर्ष गेलं त्याचं नाही, वर्षभर येड्यात काढलं आम्हाला," असं म्हणाले. हे सांगताना त्याचे डोळे भरले होते.

"पण मॅडम, त्या रात्री मी अकराला झोपलो ते सकाळी सातलाच उठलो." हे त्याने मला जाईपर्यंत दोनदा सांगितलं.