वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगापेक्षा जास्त वाढतंय, घाबरावं का?

तुम्ही लिहिलंय, बाळ ३१ आठवड्यांना झालं तेव्हा डोक्याचा घेर २८ सेंमी होता, आज पाच आठवड्यांनी ३१.५ आहे. अंग भरलेलं नाही, डोकंच तेवढं मोठं आणि लांबट दिसतं. या आकड्यांत मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही.

मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स आहे, घेर मोजायची टेप रोजच हातात असते. पहिल्या आठवड्यात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि घेरही किंचित उतरतो. पुढे दूध अंगी लागलं की आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंमी वाढतो. तुमची सरासरी ०.७ आहे. शिवाय सावरणाऱ्या बाळाचं बहुधा डोकं आधी वाढतं, वजन-उंची मागून येते. म्हणून काही आठवडे नुसतं डोकंच डोळ्यांत भरतं.

लांबटपणा बहुतेकदा कुशीवर झोपवल्याने येतो. कवटी मऊ असते, दाब पडेल तशी चपटते. गंमत म्हणजे आतला मेंदू तेवढाच असला तरी लांबट डोक्याचा घेर गोल डोक्यापेक्षा जास्त भरतो. घरी आल्यावर मात्र बाळाला पाठीवरच झोपवा.

मोजताना टेप भुवयांच्या वरून आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून न्यायची. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. टेप जरा सरकली की अर्ध्या सेंमीचा फरक पडतो. दोन ड्युट्यांचे आकडे जुळले नाहीत तर आम्ही आधी एकमेकींच्या हातावर शंका घेतो, बाळावर नंतर! त्यामुळे रोज मोजू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

पूर्ण दिवसांच्या बाळाचा वाढीचा तक्ता आत्ता बघूच नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी वेगळा, फेंटन तक्ता असतो. नंतर जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात, पण वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं, दोन वर्षांपर्यंत.

वजन वाढतंय पण घेर दोन-तीन आठवडे हललाच नाही, किंवा आठवड्याला सव्वा सेंमीहून जास्त वाढू लागला, तर डॉक्टरांना सांगा. टाळू (डोक्यावरचा मऊ भाग) अजून उघडी असल्याने तिच्यातूनच डोक्याची सोनोग्राफी करता येते. बाळ शांत असतानाही टाळू फुगून ताणलेली दिसली, उलट्या होत असतील, बाळ सुस्त पडलं किंवा बुबुळं सतत खाली वळलेली राहिली, तर पुढच्या मापाची वाट न बघता लगेच दाखवा.