लॅपटॉपचा प्रस्ताव आणि घसाऱ्याचं गणित

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली : वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणण्यासाठी मिळणारं अनुदान. मी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि त्यातली नऊ वर्षं छाननी समितीत बसून इतरांचे प्रस्ताव वाचले, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे ढकलली. निवृत्तीनंतरही फाइल काही सुटत नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवतो. अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणू पाहणाऱ्या शिक्षकांकडून विद्यापीठाने प्रस्ताव मागवले आहेत. मर्यादा एक लाखाची. प्राचार्य म्हणतात, "दोन लॅपटॉप आणि एक स्मार्ट बोर्ड टाका, नॅकच्या मूल्यांकनात दाखवता येईल." मला वाटतं, वर्गातल्या ६० मुलांना चॅटजीपीटीचं सशुल्क सबस्क्रिप्शन घेऊन द्यावं. कोणाचं बरोबर? आणि केंद्राच्या अर्थसंकल्पात एआय-शिक्षणासाठी ५०० कोटी आले होते, त्यातलं काही आमच्यापर्यंत येतं का?

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पातले ५०० कोटी शिक्षणासाठीच्या एआय उत्कृष्टता केंद्राचे होते. त्याआधी आरोग्य, शेती आणि शहरं यांच्यासाठी अशीच तीन केंद्रं जाहीर झाली होती, हे चौथं. तुमच्या-माझ्यासारख्यांनी अर्ज भरावा अशी ती योजना नाही. तुमच्या हातात आहे तो विद्यापीठाचा एक लाख. त्याचंच बोलू.

आता प्राचार्य. त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्या टेबलावर नॅकचीच फाइल उघडी असते. पण समितीत काय होतं ते सांगते. एका दुपारी आमच्यापुढे चाळीसेक प्रस्ताव यायचे. चहा येईपर्यंत कोणीही शीर्षक वाचत नसे, सगळे थेट अंदाजपत्रकाचं पान उघडत. ऐंशी टक्के रक्कम 'उपकरणं' या हेडखाली दिसली, की माझ्या शेजारचे सर पेन्सिलने समासात एकच शब्द लिहीत : 'कपाट'. त्यांचं चुकत नसे. असल्या प्रकल्पातला लॅपटॉप आधी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतो, मग कार्यालयात जातो, आणि पुढच्या वर्षी तुम्ही मागायला गेलात की कळतं, त्यावर स्कॉलरशिपचे फॉर्म भरणं चालू आहे.

तुमच्या कल्पनेचंही गणित मांडून बघा. चॅटजीपीटीची भारतातली स्वस्त योजना ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना सुरू झाली. ६० मुलं, पाच महिने : १,१९,७०० रुपये. म्हणजे मर्यादेच्या बाहेर, आणि हातात उरणार काय तर साठ पासवर्ड. पुढची गंमत बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने तीच योजना भारतात नव्याने नोंदणी करणाऱ्यांना वर्षभर फुकट दिली. सप्टेंबरात ज्याने भांडून मंजुरी आणली असती, त्याने दिवाळीनंतर ऑडिटरला काय सांगितलं असतं? या बाजारात भाव तीन महिनेही टिकत नाहीत आणि आपला प्रस्ताव मंजूर व्हायलाच सहा महिने लागतात. म्हणून सबस्क्रिप्शनवर प्रस्ताव उभा करू नका.

मग कशावर? तुमच्या एका तासावर. ज्या तासाला मुलं दरवर्षी हमखास अडखळतात, तो तास धरा. अकाउंट्स माझा विषय नाही, पण तुमचं पत्र आल्यावर मी शेजारच्या मुलीचं पुस्तक आणलं आणि घसाऱ्याचं, म्हणजे वापराने यंत्राची किंमत दरवर्षी घटते त्याचं, एक उदाहरण एका मोफत चॅटबॉटला मराठीत घातलं. एक ऑक्टोबरला १,८०,००० रुपयांचं यंत्र घेतलं, बसवायला २०,००० लागले, घसारा दरसाल १० टक्के, घटत्या शिलकेच्या पद्धतीने (म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर), वर्ष ३१ मार्चला संपतं. पहिल्या वर्षाचा घसारा किती? त्याने ठासून सांगितलं, १८,०००. बसवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत न धरता त्याने मजुरीत टाकला होता आणि यंत्र सहाच महिने वापरात होतं हे विसरला होता. खरं उत्तर १०,०००, आणि दुसऱ्या वर्षी १,९०,०००वर १९,०००. मराठी मात्र इतकं सफाईदार, की मीसुद्धा दोनदा वाचलं. पुन्हा विचारल्यावर त्याने तारीख सुधारली, बसवण्याचा खर्च तसाच ठेवला.

हा तुमचा प्रस्ताव आहे, सर. तुमचा विद्यार्थी नेमक्या याच दोन चुका करतो, हे तुम्हाला वीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांवरून माहीत आहे. अशी पंचवीस-तीस उदाहरणं चॅटबॉटकडून सोडवून घ्या, चुकलेली निवडा, त्यांचे छापील कागद करा आणि वर्गात मुलांना लाल पेन द्या. रोजकीर्दीची नोंद तपासायची, चूक शोधायची आणि शेजारच्याला समजावायची. लॅपटॉप तुमच्या घरचा एक पुरतो. छपाई, कागद आणि उदाहरणं टाइप करून वर्गवारी लावायला दोन मुलं लागतील. तुमच्याकडे कमवा व शिका योजना असेलच. त्यातल्या मुलांना हे काम देता येतं का, ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा, म्हणजे त्या योजनेत बागेला पाणी घालण्यापेक्षा वेगळं काम करणारी दोन मुलं दिसतील. माझ्या अंदाजाने हे सगळं ३५-४० हजारांत बसतं. लाखाच्या मर्यादेत चाळीस हजारांचा प्रस्ताव आला, की समिती जागी होते. मी स्वतः तशी जागी झालेली आहे.

डॉलरमधल्या खर्चापासून मात्र लांब राहा. माझ्या शेवटच्या प्रकल्पात मी एका परदेशी एआय सेवेचे, जितकं वापरू तितके पैसे भरले. कॉलेजचं आंतरराष्ट्रीय कार्ड नव्हतं, म्हणून मुलाच्या कार्डावरून. बिल ईमेलवर आलं, त्यावर कॉलेजचं नाव नव्हतं, तीन कोटेशन नव्हती, रक्कम रुपयांत नव्हती. ऑडिटने आक्षेप घेतला. शेवटी ३,१४० रुपये माझ्या पेन्शनमधून गेले आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (अनुदान ठरल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला) अडकलं ते दोन वर्षं. त्यात ही यंत्रणा शब्दांचे तुकडे मोजून पैसे घेते, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा पुष्कळ जास्त पडतात. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारला की बिल वाढतं. फुकट, खुली मॉडेलं कॉलेजच्या लॅबमधल्या आठ जीबी मेमरीच्या संगणकावर चालतात, पण जी त्यात मावतात ती छोटी असतात आणि त्यांचं मराठी ऐकवत नाही. घसाऱ्यातल्या चुका गोळा करायला मात्र तीही उत्तम.

दोन गोष्टी प्रस्तावात आवर्जून घाला. पहिली, प्राचार्यांचं पत्र. पैशांचं नको, वेळेचं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचं अध्यापन असतं, आणि आपल्या योजना यंत्राला, पुस्तकांना, प्रवासाला पैसे देतात, शिक्षकाच्या तासाला देत नाहीत. हे माझं जुनं दुखणं आहे, समितीत मी ते इतकं बोलले की शेवटी सगळे घड्याळ बघायला लागायचे. म्हणून निदान एवढं लिहून घ्या, की एका सत्रापुरते आठवड्याचे दोन ट्यूटोरियल याच कामाला मिळतील. जावक क्रमांकासकट.

दुसरी, मोजमाप. '९२ टक्के विद्यार्थ्यांना उपक्रम आवडला' असलं वाक्य लिहू नका, संख्याशास्त्राची बाई म्हणून हात जोडते. तुमच्या दोन तुकड्या असतील तर एकीला हे कागद द्या, दुसरीला नेहमीसारखं शिकवा, आणि दोघींना तीच चाचणी आधी आणि नंतर द्या. हुशार तुकडी निवडायचा मोह आवरा, नाणं उडवा. चाचणी झाल्यावर कागद दुसऱ्या तुकडीलाही द्या, नाहीतर पालक विचारतील. आणि मुलांच्या उत्तरपत्रिका नाव-रोल नंबरसकट कुठल्याही चॅटबॉटला चढवू नका. तुमच्या प्रथम वर्षातली कितीतरी मुलं सतराची असतात, आणि २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या लेखी अठराखालचा म्हणजे बालक, त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते.

एक खुणेची गोष्ट प्राचार्यांच्या कानावर घाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत शिक्षकाच्या संशोधन-गुणांत दहा लाखांखालचा संशोधन प्रकल्प पूर्ण केला तर ५ गुण, आणि नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित केली तरी ५ गुण. दुसऱ्याला स्मार्ट बोर्ड लागत नाही.

प्रश्न : मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली आहे. वर्गात मुलांकडून चॅटबॉटची आणि संविधान सभेतल्या चर्चांची तुलना करून घेते. माझ्या विभागप्रमुखांनी हाच उपक्रम प्रस्ताव म्हणून पाठवायचं ठरवलंय, त्यांच्या नावावर. म्हणतात, "तुम्ही पात्रच नाही, निदान काम तरी होईल." मी काय करावं?

ताई, नियमांचं ते खरं सांगताहेत. अशा योजना बहुतेक ठिकाणी विद्यापीठमान्य पूर्णवेळ शिक्षकांनाच असतात. शिकवायला तुम्ही चालता, अनुदानाला चालत नाही. याची चीड मला तुमच्याइतकीच येते, कारण आमच्या समितीपुढे आलेल्या चांगल्या कल्पनांमागे पुष्कळदा तासिकेवरच्या मुलीच असत, आणि ते आम्हाला कळायचं ते प्रश्न विचारल्यावर. मुख्य अन्वेषक, म्हणजे ज्यांच्या नावावर प्रकल्प ते, उत्तर देताना मागच्या खुर्चीकडे बघायचे.

तरीही नाव सोडू नका. परिपत्रक शेवटपर्यंत वाचा. सह-अन्वेषकाला पूर्णवेळेची अट आहे का बघा. ती नसेल तर तिथे तुमचं नाव घाला. असेल तर अंदाजपत्रकात प्रकल्प साहाय्यकाचं मानधन मागायला लावा. आणि प्रस्ताव जाण्याआधी एक साधा ईमेल करा : 'सर, माझ्या वर्गात अमुक तारखेपासून चालू असलेला उपक्रम आपण प्रस्तावात घेत आहात याबद्दल आभार, सोबत माझी टिपणं जोडत आहे.' भाषा गोड, तारीख पक्की. एक प्रत प्राचार्यांना. भांडण नाही, पण उद्या मुलाखतीत दाखवायला कागद राहतो.

तुमच्या उपक्रमाबद्दल एकच सांगते. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर मूळ स्वरूपात आहेत. चॅटबॉट आंबेडकरांच्या तोंडी जे वाक्य घालेल ते त्यात तारखेसह शोधायला लावा. सापडलं नाही, तर मुलांनी वहीत काय लिहायचं हे आधी ठरवून द्या. माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा तास आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

प्रश्न : मी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर अर्धवेळ शिकवतो. इथे शिक्षकांना एआय प्रकल्पांसाठी मोठी अनुदानं मिळाली. माझ्या साताऱ्याच्या जुन्या कॉलेजला यातलं काही देता येईल का?

तुमच्याकडचा तो कार्यक्रम मी वाचला होता. २०२५ मध्ये ४०० हून अधिक प्रस्तावांतून ६३ निवडले आणि मिळून तीस लाख डॉलर दिले. म्हणजे एका प्रकल्पाला सरासरी पंचेचाळीस-पन्नास हजार डॉलर. आमच्या सरांचा एक लाख रुपया त्यापुढे चहापाणी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ४ लाख ६० हजार विद्यार्थ्यांना चॅटजीपीटी देण्याचा करारही जाहीर झाला, आणि त्याच्या दोनच आठवडे आधी, जानेवारीत, त्याच विद्यापीठाच्या सोनोमा कॅम्पसने पैशांअभावी विभाग बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा तिकडेही सगळं हिरवं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पैसे पाठवू नका. तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तुमची देणगी परदेशी ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ती नसेल तर तुमचे पाचशे डॉलर कॉलेजच्या लेखापालाला वर्षभर पुरतील, डोकेदुखी म्हणून. त्यापेक्षा तुमच्या सहकाऱ्यांच्या मंजूर प्रकल्पांतली वर्गात वापरलेली कामं, गुण द्यायचे तक्ते आणि जे फसलं त्याची हकिगत मागून घ्या, त्यांची परवानगी घेऊन मराठीत करा आणि पाठवा. फसलेलं विशेष करून. आमच्याकडे अहवालात कुठलाच प्रकल्प फसत नाही.

साताऱ्याला पाठवाल तेव्हा एक प्रत संपादकांच्या पत्त्यावर टाका. पहिल्या पत्रातल्या सरांना मी देते, त्यांची अंतिम तारीख पंधरवड्यावर आली आहे.