हर्बी हॅनकॉक खरंच अष्टपैलू, की बाजारात चालेल ते वाजवणारे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की हॅनकॉक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं आधी 'रॉकिट' ऐकलं, मग 'मेडन व्हॉयेज' ऐकलं, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे पटेना. शंका रास्त आहे. मी काही जॅझवाला नाही. नागपुरात पंचवीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवला. गणपती, नवरात्र, लग्नं, जिथली सुपारी मिळाली तिथे. (वाद्य कोणत्याही कंपनीचं असो, आमच्याकडे वाजवणारा 'कॅसिओवाला'च.) चालेल ते वाजवण्याचा अनुभव दांडगा आहे, म्हणून उत्तर द्यायची हिंमत करतो.

हॅनकॉक 1940 साली शिकागोत जन्मले. अकराव्या वर्षी शिकागो सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर मोझार्टचा पियानो कॉन्चेर्टो वाजवला. ग्रिनेल कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले आणि बाहेर पडले संगीत घेऊन. आमच्याकडे गाडी बहुतेक उलट्या दिशेने जाते. ट्रम्पेटवाले डोनाल्ड बर्ड त्यांना न्यूयॉर्कला घेऊन आले आणि 1962 मध्ये पहिला अल्बम निघाला, 'टेकिन ऑफ'.

त्यातलं 'वॉटरमेलन मॅन' म्हणजे आपल्या भाषेत टरबूजवाला. लहानपणी शिकागोच्या गल्लीत टरबुजाची गाडी यायची. दगडी फरसबंदीवर तिची चाकं जी खडखडायची, तो पियानोचा ठेका. आणि वरची चाल? मला वाटायचं, ती टरबूजवाल्याची आरोळी असणार. तसं नाही. त्याला थांबवायला बायका जी लांबवून हाक मारायच्या, ती ही चाल. हे कळल्यावर मी एप्रिलात आमच्या गल्लीतल्या ठेल्याकडे कान लावून बसलो. पण आता तो बॅटरीवरचा भोंगा लावतो, एकच रेकॉर्डिंग दिवसभर. हाका मारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

याच गाण्याची एक गोष्ट मला जास्त लागते. बर्ड यांनी आधीच बजावलं होतं, गाण्याचे प्रकाशनाचे हक्क रेकॉर्ड कंपनीला देऊ नकोस. बावीसतेवीस वर्षांचा पोरगा, पहिलाच अल्बम, तरी त्याने दिले नाहीत. मग मोंगो सांतामारिया या क्यूबन तालवाद्यवाल्याने तेच गाणं वाजवलं, 1963 मध्ये ते तुफान चाललं, आणि त्या पैशांत हॅनकॉकनी कोब्रा स्पोर्ट्स कार घेतली. मी एका भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी आठ चाली तीन हजारांत दिल्या होत्या, कागद न वाचता सही ठोकून. त्यातली एक अजूनही मंडपात वाजते, आणि बाजूला मी वायरी जोडत असतो. असो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. 1963 मध्ये ते ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या गटात गेले. तिथे एकदा अडकल्यासारखे झाले, काय वाजवावं सुचेना. माइल्स फक्त एवढंच म्हणाले की 'बटर नोट्स' वाजवू नकोस. माइल्सचा आवाज इतका घोगरा, की ते बटर म्हणाले की बॉटम, हेही हॅनकॉकना पक्कं सांगता येत नाही. पण त्यांनी अर्थ लावला: लोणी म्हणजे जे सूर सगळं आधीच सांगून टाकतात ते. म्हणजे कॉर्डमधला (एकत्र दाबलेल्या सुरांमधला) तिसरा आणि सातवा.

घरी पेटी असेल तर करून बघा. सा, ग, प एकत्र दाबा. आनंदी वाटतं. ग कोमल करा, उदास. आता ग काढूनच टाका. फक्त सा आणि प. गाणं कुठे जाणार, काही कळत नाही. सोलो वाजवणाऱ्याला दोन्ही दारं उघडी. ऑर्केस्ट्रात आम्ही नेमकं उलटं करायचो. डाव्या हाताने जागा दिसली की भरा, गायिकेने श्वास घेतला की तिथे तुकडा टाका. पैसे घेतलेत तर हात रिकामा दिसायला नको, हा हिशोब.

मग 'मेडन व्हॉयेज' (1965) ऐका. अख्खं गाणं अशाच अधांतरी कॉर्ड्सवर उभं आहे, गंधाराच्या जागी मध्यम. एकेक कॉर्ड चार-चार बार (तालाची आवर्तनं म्हणा) तशीच राहते, ड्रम्सवर टोनी विल्यम्स खळबळ करत असले तरी. आणि गंमत बघा, शुद्ध जॅझचा नमुना म्हणून जाणकार ज्या गाण्याचा दाखला देतात, ते मुळात टीव्हीच्या जाहिरातीतलं. मास्टर टेपवर त्याचं नाव 'टीव्ही जिंगल' असंच होतं!

बाजारूपणाचा आरोप जोरात झाला तो 1973 च्या 'हेड हंटर्स' या अल्बमनंतर. त्याआधी त्यांचा म्वांदिशी हा गट होता, प्रयोग मोठे, खर्च मोठा, श्रोते कमी. तो मोडला आणि त्यांनी फंक, म्हणजे नाचायला लावणारं ठेक्याचं संगीत, धरलं. पैशांचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही, माणसाला पोट असतं. पण या अल्बममधलं 'कमेलियन' पंधरा मिनिटांच्या वर आहे. रेडिओवाल्यांना खूश करायला एवढं लांब कोणी करत नाही. त्यातली बास लाइन (खालच्या सुरांची ओळ) त्यांनी स्वतः सिंथेसायझरवर वाजवलीय, आणि तिच्यात सुरांइतकीच मोकळी जागा आहे. लोणी तिथेही नाही.

बाकीचं पटकन सांगतो. 1978 मध्ये पियानोवादक चिक कोरियांबरोबर नुसते दोन पियानो घेऊन दौरा. 1983 ला 'रॉकिट', ज्यात रेकॉर्ड घासून काढलेला आवाजच वाद्य झाला. पुढे 'राउंड मिडनाइट' या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर. 2008 ला गायिका जोनी मिचेल यांच्या गाण्यांवरच्या 'रिव्हर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. 'रॉकिट' मला स्वतःला फार वेळ ऐकवत नाही, पण तो माझ्या कानांचा दोष असेल.

तर माझं मत: अष्टपैलू. सुरुवात 'वॉटरमेलन मॅन'नेच करा, पण दोनदा. आधी 1962 चं, लगेच 'हेड हंटर्स'मधलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला मध्य आफ्रिकेतल्या वनवासी लोकांच्या बासरीसारखा एक आवाज आहे. मी पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा ते कुठलं दुर्मीळ वाद्य असेल, यावर विचार करत बसलो होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रे, बाटली कोण फुंकून राहिला?"

त्यांचे तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीतच फुंकत होते.