पानावर धावणारा घोडा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला भेट मिळालेल्या चित्रपुस्तकात पान उलगडताच घोडा धावू लागतो. पुस्तकात बॅटरी नाही की पडदा नाही. पुठ्ठा आणि रेघारेघांचे प्लास्टिक एवढेच दिसते. हे कसे घडते, असे नातवाने विचारले आणि मी निरुत्तर झालो. – एक आजोबा

उत्तर : आपण ज्याला रेघारेघांचे प्लास्टिक म्हणता, त्यातच सारी करामत आहे. चित्रकार प्रथम घोड्याच्या धावेच्या एका आवर्तनाची, म्हणजे एक टाप पडल्यापासून तीच टाप पुन्हा पडेपर्यंतची, काही वेगवेगळी चित्रे काढतो. ती सहा आहेत असे समजू. मग प्रत्येक चित्राच्या अत्यंत बारीक उभ्या पट्ट्या कल्पून पहिली पट्टी पहिल्या चित्रातून, दुसरी दुसऱ्यातून, अशा क्रमाने सहाही चित्रे एकाच कागदावर विणली जातात. हा कागद नुसता पाहिला तर अनेक पायांचा एक विस्कटलेला घोडा दिसतो. त्यावर जी पारदर्शक फिल्म असते, तिच्यावर जाड काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी असतात. फटीची रुंदी एका पट्टीएवढी आणि काळ्या रेघेची पाच पट्ट्यांएवढी असल्याने कोणत्याही क्षणी सहांपैकी एकच चित्र दिसते आणि बाकीची पाच झाकली जातात. फिल्म किंवा तिच्याखालचा कागद एका पट्टीएवढा सरकला की पुढचे चित्र उघडे पडते. अशी चित्रे ओळीने समोर आली की आपली दृष्टी त्यांना सुटी चित्रे मानत नाही, सलग हालचाल मानते.

सरकवण्याचे काम पान करते. सरकणारा भाग घडीपाशी समोरच्या पानाला जोडलेला असतो, त्यामुळे पान उलगडताना तो आपोआप ओढला जातो. समजा, पट्टी अर्ध्या मिलिमीटरची आहे. मग तीन मिलिमीटर सरकण्यात धावेचे एक आवर्तन पूर्ण होते आणि तीन सेंटिमीटरच्या ओढीत घोडा दहा आवर्तने धावतो. सहाव्या चित्रानंतर पुन्हा पहिले येते, म्हणून तो कितीही धावला तरी जागचा हलत नाही. पान मिटताना चित्रांचा क्रम उलटा होतो आणि घोडा मागच्या मागे धावू लागतो. हे मुलांच्या लक्षात मोठ्यांच्या आधी येते. चित्राचा बराचसा भाग सतत काळ्या रेघांखाली राहत असल्याने नाजूक छटा त्यात टिकत नाहीत, आणि म्हणूनच अशा पुस्तकांत पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या ठसठशीत काळ्या आकृत्या अधिक आढळतात.

नातवाला हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे जाईल. त्याला पान अगदी सावकाश, केसभर केसभर उलगडू द्यावे. धाव थांबून एकेक चित्र दिसू लागले की त्याचे उत्तर त्यालाच सापडेल.

प्रश्न : हे तंत्र नवे आहे का? – एक वाचक

उत्तर : नाही. फटींच्या फिल्मखाली हलणाऱ्या चित्रांचे ‘मोटोग्राफ’ नावाचे पुस्तक लंडनमध्ये १८९८ साली निघाले होते आणि त्याचे मुखपृष्ठ तुलूझ-लोत्रेक या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचे होते. त्यात फिल्म वाचकाने स्वतः हाताने चित्रावरून फिरवायची असे. आज आपण पाहतो तो, पान उलगडताच धावणारा प्राणी घरोघर पोहोचला तो रूफस बटलर सीडर या अमेरिकी कलावंताच्या २००७ सालच्या ‘गॅलप!’ या पुस्तकामुळे. भराभर पाने सोडून पाहायच्या चित्रवहीचे पेटंट त्याहून पुष्कळ जुने, १८६८ सालचे आहे. मात्र माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत कुशल हात म्युनिकच्या लोथार मेगेनडोर्फर यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी केलेल्या पुस्तकांत कागदाची एकच पट्टी ओढली की आकृतीचे डोळे, हात आणि मान निरनिराळ्या वेळी हलतात. त्यासाठी पानाच्या पाठीमागे कागदी तरफा बारीक तारेच्या रिव्हेटांनी जोडलेल्या असत.

प्रश्न : बाजारात अशी पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतले चांगले कोणते, हे कसे ओळखावे? – एक आई

उत्तर : प्राणी हलतो की नाही हे न पाहता तो स्वतःसारखा हलतो की नाही, ते पाहावे. पुष्कळ पुस्तकांत एकच ठोकळेबाज हालचाल सर्व प्राण्यांना वाटून दिलेली असते. हत्ती, मांजर आणि बेडूक सारखेच डुलतात आणि मुलाला प्राण्याविषयी काहीच कळत नाही. वास्तविक प्रत्येक प्राण्याची चाल ही त्याची ओळख असते. सावकाश चालणारे मांजर एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, नंतर दुसऱ्या बाजूचा मागचा आणि पुढचा, अशा क्रमाने पाय टाकते. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र उचलतो, म्हणून त्याच्या पाठीवर बसलेला माणूस हेलकावे खातो. कांगारू उड्या मारत नसतो तेव्हा शेपूट जमिनीवर रेटून ती पाचव्या पायासारखी वापरतो.

घोड्याच्या बाबतीत तर ही परीक्षा फारच उपयोगी आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा जुना वाद होता. डोळ्यांना ते टिपता येत नसल्यामुळे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा काढत असत. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडून घोड्याची धाव टिपली. घोडा पूर्णपणे हवेत असतो हे खरे निघाले. परंतु त्या क्षणी त्याचे पाय ताणलेले नव्हते, तर पोटाखाली गोळा झालेले होते. जवळजवळ दीडशे वर्षे उलटूनही काही बालपुस्तकांत तो जुना ताणलेला घोडाच धावताना दिसतो. दुकानात पान सावकाश उलगडून पाहावे. पोटाखाली पाय गोळा झालेले चित्र सापडले, तर चित्रकाराने अभ्यास केला आहे असे समजण्यास हरकत नाही.

प्रश्न : अशा पुस्तकांमुळे मुलाचे लक्ष मजकुरावरून उडते, असे माझ्या सहकारी शिक्षिका म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? – बालवाडीतील शिक्षिका

उत्तर : बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि या पुस्तकांच्या चाहत्यांनीही ते मान्य करायला हवे. ज्युडी डिलोच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अगदी लहान मुले ओढायच्या-उघडायच्या करामती असलेल्या पुस्तकांपेक्षा साध्या चित्रांच्या पुस्तकांतून नवे शब्द आणि नवी माहिती अधिक चांगली शिकतात. कारण समजण्यासारखे आहे : हात आणि डोळे पट्टीत गुंतले की चित्र ज्याचे आहे त्या प्राण्याकडे लक्ष राहत नाही. म्हणून नवे नाव शिकवायचे असेल तेव्हा स्थिर, स्वच्छ चित्राचे पुस्तक घ्यावे. चाल, वेग, उडी, पोहणे यांविषयी बोलायचे असेल तेव्हा मात्र हलते चित्र जे क्षणात दाखवते, ते शब्दांनी सांगताना दमछाक होते. पडद्यावरील चित्रापेक्षा त्याचा एक फायदाही आहे, तो म्हणजे येथे वेग मुलाच्या हातात राहतो आणि हवा तेथे प्राणी थांबवता येतो. आधी मुलांना मनसोक्त पान हलवू द्यावे आणि हौस फिटल्यावर वाचन सुरू करावे. दोन्ही एकाच वेळी करू पाहिल्यास आपलेच वाचन वाया जाते.

प्रश्न : एक वर्षाच्या मुलीला असे पुस्तक द्यावे का? – एक वडील

उत्तर : एकटीच्या हाती देऊ नये. या वयात पुस्तक आधी तोंडात जाते. फिल्मच्या कडा आणि सुटणारे छोटे तुकडे धोक्याचे ठरतात. मांडीवर बसवून दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : शाळेत मुलांकडून असे चित्र करून घेता येईल का? – कलाशिक्षक

उत्तर : नक्की येईल, मात्र सहाऐवजी चार चित्रांपासून सुरुवात करावी. पंख वर, मध्ये, खाली आणि पुन्हा मध्ये, असा उडणारा पक्षी सर्वांत सोपा. चारही आकृत्या एकाच आकाराच्या आणि एकाच जागी असाव्यात. कागदावर दोन-दोन मिलिमीटरच्या उभ्या रेघा आखून पहिल्या पट्टीत पहिल्या चित्राचा भाग, दुसऱ्या पट्टीत दुसऱ्याचा, असे चौथ्यापर्यंत भरावे आणि पाचव्या पट्टीत पुन्हा पहिल्याकडे यावे. पारदर्शक फिल्मवर सहा मिलिमीटर काळी रेघ आणि दोन मिलिमीटर मोकळी फट, अशी जाळी आखावी. फिल्म रेघांना काटकोनात सरकवायची असते. ती तिरकी झाली की चित्र फुटते, म्हणून पुठ्ठ्याची खाच करून तिला सरळ वाट द्यावी. फिल्म चित्राला अगदी चिकटून राहील असे पाहावे, कारण मध्ये अंतर राहिले तर बाजूने पाहणाऱ्या मुलाला शेजारची पट्टी दिसते आणि पक्षी धूसर होतो. हाताने भरण्याचा कंटाळा आल्यास संगणकावर पट्ट्या विणून छापता येतात; पण मोठ्या मुलांकडून निदान एक चित्र हाताने करून घ्यावे, असे मला वाटते.