इंग्लंडमधील पेगन लोक (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेपासून प्रेरणा घेतलेला आधुनिक धर्म पाळणारे) ऋतूंचे सण आणि लग्न-मृत्यूचे संस्कार खरेच पाळतात, की तो केवळ वेशभूषेचा खेळ आहे? नोकरी करणाऱ्याला हे कसे जमते?

आपल्या प्रश्नातील ‘वेशभूषेचा खेळ’ हे शब्द माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. २०१७ च्या मार्चमध्ये मी माझ्या थोरल्या भावाला मुलीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला पुण्याला फोन केला, तेव्हा त्याने नेमके हेच शब्द वापरले होते. त्यामुळे या उत्तरात मी तटस्थ राहीन अशी अपेक्षा ठेवू नये. मी स्वतः पेगन नाही. सॉमरसेटमध्ये राहतो, माझी मुलगी आणि जावई पेगन आहेत, आणि गेली काही वर्षे त्यांचे सण आमच्याच स्वयंपाकघरात होत असल्याने मला जे दिसले तेवढेच सांगू शकतो.

पेगन वर्षाचे चक्र आठ सणांचे असते. दादाचा मुख्य आक्षेप असा, की हे सारे कालपरवा रचलेले आहे. आक्षेप खोटा नाही. साऊइन (ऑक्टोबर संपताना), इम्बॉल्क (फेब्रुवारीच्या आरंभी), बेल्टेन (मेच्या आरंभी) आणि लूनसा (ऑगस्टच्या आरंभी) हे चार जुने आयरिश सण; त्यांना दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस) आणि दोन विषुवदिन (दिवस-रात्र समान असण्याचे) जोडून आठांचे चक्र बसवले ते विका या आधुनिक पेगन पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड पंथाचे रॉस निकोल्स यांच्या वर्तुळात, १९५० च्या दशकात. उन्हाळी अयनाला ‘लिथा’ आणि शरद विषुवाला ‘मेबन’ ही नावे तर एडन केली या अमेरिकन गृहस्थाने १९७४ मध्ये दिली. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे सविस्तर लिहून ठेवले आहे, आणि त्यांची पुस्तके माझ्या मुलीच्या कपाटात पुढच्या रांगेत आहेत. म्हणजे दादाला जे गुपित फोडल्यासारखे वाटत होते, ते ही मंडळी उघडपणे वाचतात, एकमेकांना वाचायला देतात आणि तरीही सण करतात. दादा ज्या गणेश मंडळाला दरवर्षी वर्गणी देतो, त्या सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ च्या सुमारास आकार आला, हे त्यालाही माहीत आहे. सणाचे वय विचारायचे असेल तर सर्वांचेच विचारावे.

माझे मत विचाराल तर ऋतूचा सण जुना आहे की नवा, हे बघूच नये. तो जिथे पाळला जातो तिथल्या ऋतूला धरून आहे की नाही, एवढेच बघावे. ऑस्ट्रेलियातील पेगन लोकांपैकी पुष्कळ जण यूल, म्हणजे हिवाळी अयनाचा सण, जूनमध्ये करतात, कारण त्यांचा सर्वांत छोटा दिवस तेव्हा येतो. याउलट आपली संक्रांत म्हणायला उत्तरायणाची, परंतु सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. पंचांग निरयन, म्हणजे ऋतूंऐवजी ताऱ्यांना धरून, असल्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते आहे. मी तिळगूळ आवडीने खातो, तक्रार म्हणून हे सांगत नाही. दादाने शास्त्राचा आधार काढला होता म्हणून सांगितले.

आता त्या लग्नाविषयी. हँडफास्टिंग, म्हणजे वधूवरांचे हात दोरीने एकत्र बांधून करावयाचा विवाह, याला इंग्लंडमध्ये कायदेशीर मान्यता नाही. म्हणून मुलगी आणि जावई शुक्रवारी दोन साक्षीदार घेऊन नोंदणी कार्यालयात जाऊन आले, आणि विधी रविवारी, ३० एप्रिलला, बेल्टेनच्या पूर्वसंध्येला, व्याह्यांच्या सफरचंदांच्या बागेत ठरला. व्याही सायडरची, म्हणजे सफरचंदांच्या दारूची, सफरचंदे पिकवतात. ते स्वतःला पेगन म्हणवत नाहीत, पण जानेवारीत झाडांचे वॉसेलिंग कधी चुकवत नाहीत: सायडरमध्ये बुडवलेला पावाचा भाजका तुकडा फांदीत ठेवायचा, बुंध्याशी सायडर ओतायची, आणि फांद्यांमधून बंदुकीचे बार काढायचे. जवळच्या कारहॅम्प्टन गावात हे १७ जानेवारीला होते, कारण १७५२ मध्ये सरकारने दिनदर्शिकेतून ११ दिवस गाळले तरी इथल्या लोकांनी आपली जुनी, नाताळापासूनची बारावी रात्र सोडली नाही. असा हट्ट मला आपल्या गावाकडच्या लोकांसारखा वाटतो आणि मला तो आवडतो.

झाडांना मोहोर होता आणि आभाळ भरून आले होते. सुमारे चाळीस माणसे गोल करून उभी राहिली. वेशभूषेचे म्हणाल तर दोघांनी अंगावर झगे घेतले होते. बाकी सगळे रेनकोट आणि गमबुटात. विधी सांगणाऱ्या बाई एरवी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी चार दिशांना नमस्कार केला, मीठ आणि पाणी फिरवले, आणि एकेका घराला दोरी बांधायला बोलावले. विहीणबाईंनी हिरवी लोकरीची दोरी आणली होती, जावयाच्या मित्रांनी पांढरी. आमची दोरी म्हणजे माझ्या आईच्या इरकली लुगड्याचा तांबडा काठ. आई गेल्यावर ते लुगडे माझ्या पत्नीच्या वाट्याला आले होते. वापरून वापरून त्याचे अंग विरले होते, काठ मात्र शाबूत होता. तो पत्नीने उसवून घेतला आणि त्याला पीळ दिला.

वधूवरांनी स्वतः लिहिलेली वचने वाचली. त्यांत ‘जन्मोजन्मी’ असे काही नव्हते. आजारपण, पैसा आणि रात्रपाळी यांचा स्पष्ट उल्लेख होता, कारण मुलगी परिचारिका आहे. ‘एक वर्ष आणि एक दिवस’ अशा मुदतीचे लग्न ही प्राचीन प्रथा असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, ते त्यांनी मुद्दाम गाळले. पूर्वी हँडफास्टिंग हा शब्द वाङ्निश्चयासाठी वापरत, आणि मुदतीच्या लग्नाची गोष्ट नंतर पसरली, त्यात सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८२० च्या कादंबरीचा मोठा हात आहे, असे जावयाने मला आदल्या रात्री भांडी विसळताना समजावून दिले होते.

हात बांधून झाले आणि पाऊस आला. गाठ तशीच ठेवून हात अलगद बाहेर काढायचे असतात. लोकर भिजून फुगली, काठाचा पीळ आवळला आणि हात निघेनात. व्याह्यांनी छाटणीचा चाकू काढला. पत्नी मराठीत ओरडली आणि तो चाकू लगेच खिशात परत गेला, भाषा न कळूनही. मग दोघांनी बांधलेल्या हातांनीच केरसुणीवरून उडी मारली, एकाच पेल्यातून मध घातलेली दारू घेतली, आणि वीस मिनिटांनी छपराखाली हात सुटले. गाठ अजून तशीच आहे.

छायाचित्रे घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेली आणि दादाने काठ ओळखला. ‘आईचे लुगडे फाडून त्या खेळाला दिलेस,’ असे तो म्हणाला, आणि त्यानंतर आम्ही सात महिने बोललो नाही.

मला या शब्दांचा एवढा राग का आला, ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. आई २०११ च्या ऑगस्टमध्ये गेली. पुतण्याला अमेरिकेला परत जायचे होते, तिकीट बदलत नव्हते, म्हणून दादाने दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे सारे विधी तिसऱ्या दिवशी एकत्र करून घेतले. मी चौथ्या दिवशी पोहोचलो. गुरुजींनी परवानगी दिली होती, सर्वांची सोय झाली होती, आणि मला करायला काहीही उरले नव्हते. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची, ब्रिस्टलहून घरी आली आणि साऊइनसाठी, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढण्याच्या सणासाठी, टेबलावर आजीचे म्हणून एक जास्तीचे ताट मांडून म्हणाली, ‘बाबा, आजीबद्दल सांगा.’ मी रात्री एकपर्यंत बोलत होतो. दादा पुढे म्हणाला, की हे पितृपक्षात केले असते तर चालले नसते का. चालले असते. पण केले कोणी नाही. शिवाय भाद्रपदात इथे सफरचंदे उतरवण्याची घाई असते. झाडे रिकामी होऊन अंधार लवकर पडायला लागतो तो ऑक्टोबर संपताना.

लुगडे फाडण्याविषयी एवढेच म्हणतो, की आईने स्वतः आपल्या सासूची लुगडी फाडून गोधड्या शिवल्या होत्या, आणि आईच्या उरलेल्या चार लुगड्यांची वहिनींनी जी गोधडी करून घेतली, ती दादा पांघरतो.

नोकरीचे आपण विचारले आहे, ते सोपे आहे. मे महिन्याचा पहिला सोमवार १९७८ पासून सार्वजनिक सुट्टीचा आहे, त्यामुळे बेल्टेन पुष्कळदा पदरात पडतो. बाकीचे सण बहुतेक लोक जवळच्या शनिवार-रविवारी करतात किंवा रजेतून एक दिवस घेतात. हिवाळी अयनाला इथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून तो कामावर जातानाही पाहता येतो; जूनमध्ये मात्र पहाटे पाचच्या आत उठावे लागते. मुलगी रात्रपाळी असेल तर दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लावते आणि झोपते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी पेगन आणि १३,००० लोकांनी विका असे लिहिले. त्यांपैकी मी ओळखतो फार तर तीस. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) परंपरेतील कित्येक जण आठ सणांचे चक्र मानतच नाहीत. स्कॉटलंडमध्ये मान्यताप्राप्त पेगन पुरोहिताने लावलेले लग्न कायदेशीर असते, तिथे आमच्यासारखे दोन दिवस लागत नाहीत; इंग्लंडमध्ये मात्र नोंदणी टाळू नका, नाहीतर वारसाहक्काच्या वेळी दोरीची गाठ कोणी विचारत नाही. आणि निव्वळ वेशभूषेचा खेळ करणारे, महागडे स्फटिक विकणारे लोकही आहेत. स्टोनहेंजला उन्हाळी अयनाच्या रात्री हजारो माणसे जमतात, ती जत्रा आहे. तिच्यावरून मत बनवू नये.

आपल्या घरात कोणी असे लग्न ठरवले असेल, तर गमबूट घेऊन जा आणि वाद परत आल्यावर घाला. गोधडीबद्दल मी दादाला समोरासमोर अजून विचारलेले नाही. हे उत्तर त्याच्या वाचनात आले, तर विचारल्यासारखेच होईल.