दोन दिवसांची कार्यशाळा आणि पुढची काही वर्षं

ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएला, विषय मानसशास्त्र. सुट्टीत ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस, म्हणजे टीए, या मानसोपचार पद्धतीची दोन दिवसांची कार्यशाळा करून आली आणि आता म्हणते, एमए नको, थेट टीए थेरपिस्टच व्हायचं. घरात तुम्ही काही बोललात की लगेच, ‘आई, तू आत्ता पेरेंटमधून बोलतेयस!’ तुम्ही विचारलंय, हे खूळ आहे की करिअर?

खूळ नाही, हे आधी सांगते. एरिक बर्न हे मूळचे कॅनडाचे, अमेरिकेत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ. १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या मनोविश्लेषण संस्थेनं त्यांना सदस्यत्व नाकारलं, तेव्हा त्यांनी स्वतःची वाट धरली, तीच ही टीए. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकात तीन जण बोलत असतात. थोरामोठ्यांकडून उचललेला पेरेंट, आजची परिस्थिती पाहून बोलणारा ॲडल्ट आणि लहानपणचा चाइल्ड.

तुमच्याच घरातलं बघा. ‘आई, माझं आयकार्ड पाहिलंस?’ हा ॲडल्टचा ॲडल्टला प्रश्न. ‘फ्रिजवर आहे’ म्हटलं की विषय संपला. ‘स्वतःच्या वस्तू कधी सांभाळणार तू?’ असं पेरेंटकडून चाइल्डला उत्तर गेलं, की आयकार्ड राहतं बाजूला आणि भांडण जुंपतं. टीएत याला क्रॉस्ड ट्रान्झॅक्शन म्हणतात.

पण लेकीलाही हे वाचून दाखवा. समोरच्यावर ‘पेरेंट’चा शिक्का मारणं, तेही चूक काढायच्या सुरात, हे स्वतःच पेरेंटमधलं बोलणं झालं! दोन दिवसांत शब्द हाती येतात. ते आधी स्वतःवर वापरायला वेळ लागतो, आणि थेरपिस्टचं खरं शिक्षण तिथेच सुरू होतं.

आता करिअरचं. ती करून आली तो ‘टीए १०१’ असेल, तर ती फक्त ओळख आहे. पुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे काही वर्षं शिकायचं, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायचं, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. प्रमाणपत्राच्या शाखा चार आहेत : मानसोपचार, समुपदेशन, संस्था आणि शिक्षण. म्हणजे शाळेत किंवा कंपनीतही याचा उपयोग होतो.

तरीही एमए सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि टीएचं प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. शिवाय समोर बसलेल्या माणसाला नैराश्याचा आजार आहे का, त्याला डॉक्टरकडे पाठवायला हवं का, हे ओळखता आलंच पाहिजे. एका पद्धतीच्या चष्म्यातून ते निसटू शकतं. एमए करताना टीएचं प्रशिक्षण जोडीनं चालू दे, त्याला तुम्ही नाही म्हणू नका.

तिला माझ्याकडे पाठवाल तेव्हा एक वही आणायला सांगा. आठवडाभरातले घरातले पाच संवाद, आणि त्यांत ती स्वतः कुठून बोलली, एवढंच लिहायचं. तुमच्याबद्दल एक ओळही नको.