दर वेळी प्रार्थना केली तरी तीनदा मुलाखतीत नापास झालो, ख्रिस्ती श्रद्धेने ध्येयासाठी खरंच बळ मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की तीनदा मुलाखतीतून बाहेर पडलात, प्रत्येक वेळी आधी प्रार्थना केली होती, जवळची माणसं म्हणतात विश्वास कमी पडला, आणि आता प्रार्थना करायचाच कंटाळा आलाय. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) वगैरे नाही, शाळेत गणित शिकवते. पण लहानपणापासून तोतरी आहे आणि चौथ्या मुलाखतीत शिक्षिका झाले, त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजा.

आधी ते विश्वास कमी पडला वालं डोक्यातून काढून टाका. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं कुठलंसं दुखणं, जावा म्हणून देवाकडे तीन वेळा विनवणी केली (बायबलमध्ये २ करिंथ १२ वाचा), काटा गेला नाही, उत्तर काय आलं तर माझी कृपा तुला पुरे आहे. तुमच्या त्या जवळच्या माणसांना विचारा, पौलाचा पण विश्वास कमी होता का.

माझा काटा म्हणजे 'प'. प आला की ओठ मिटतात ते मिटतातच, हवा मागे कोंडून राहते, मान ताठ होते, डोळे आपोआप बंद होतात, आणि समोरचा माणूस दया येऊन माझा शब्द स्वतःच पूर्ण करून टाकतो. हसणाऱ्यापेक्षा तो जास्त लागतो. आणि चर्चमध्ये बघावं तर सगळं प वरूनच, परमेश्वर, प्रभू, पिता, पवित्र आत्मा, पाप, पश्चात्ताप, पेत्र, पौल, अरे काय चाललंय! पण तिथेच प्रभूची प्रार्थना सगळे एकत्र म्हणायचे तेव्हा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मधला पित्या माझ्या तोंडून अलगद निघायचा. मला तो चमत्कार वाटायचा. पुढे स्पीच थेरपिस्टने सांगितलं की तोतरं बोलणारे बहुतेक जण इतरांबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना फारसे अडखळत नाहीत, जुनी माहितीतली गोष्ट आहे. ऐकून जरा हिरमुसले होते खरं तर. मग वाटलं, असू दे की, दर रविवारी मला निदान एवढं कळत होतं ना की हा शब्द माझ्या तोंडातून निघू शकतो.

आता मुलाखती. पहिल्या मुलाखतीत नमुना पाठ घ्यायला सांगितला, विषय परिमिती. फळ्यावर सुंदर चौकोन काढला आणि शब्दच निघेना. दुसऱ्या वेळी पूर्णांक. तिसऱ्या वेळी तर स्वतःची ओळखच अर्धी राहिली. तिन्ही वेळा आदल्या रात्री माझी प्रार्थना एकच, देवा उद्याचा दिवस तरी हे तोतरेपण काढून घे. तिसऱ्यानंतर मी रागाने प्रार्थनाच बंद केली, दीड महिना. तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच.

मग कधीतरी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा चौथा अध्याय परत वाचला. देव मोशेला इस्राएली लोकांना मिसरातून सोडवायला पाठवतोय आणि मोशे सांगतोय की माझी जीभ जड आहे, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव. मला आठवत होतं की देव त्याला बरं करतो. नाही करत! उलट रागावतो, बोलायला भाऊ अहरोन बरोबर देतो आणि काठी घेऊन जा म्हणतो. जीभ जडच राहिली की नाही माहीत नाही पण काम काही सुटलं नाही. हे वाचून मी मागणंच बदललं, तोतरेपण काढ म्हणायचं सोडून आज वीस मिनिटं सरावाला बसव एवढंच मागायला लागले.

सराव म्हणजे बायबलमधलं स्तोत्र ११९ मोठ्याने वाचायचं. सगळ्यात लांब स्तोत्र, १७६ वचनं, पण त्याची रचना कामाची आहे, हिब्रूतली २२ अक्षरं आणि प्रत्येक अक्षराची आठ वचनं, मूळ भाषेत ती आठही त्याच अक्षराने सुरू होतात. म्हणजे रोज आठ वचनं धरली तर बावीस दिवसांत एक फेरी. बहुतेक वचनांचे दोन तुकडे पडतात, मधे श्वास घ्यायला जागा मिळते. प आला की ओठ दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे आणि हवा हळू सोडायची, थेरपिस्टने शिकवलेलं. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, लाज वाटून घ्यायची, परत वाचायचं. सतरावं अक्षर 'पे', म्हणजे आपला प च, आणि त्या आठ वचनांत एक असं आहे की मी तोंड उघडून धापा टाकल्या. पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा एकटीच हसत बसले होते. अशा अकरा फेऱ्या झाल्या चौथ्या मुलाखतीपर्यंत. काही फेऱ्यांत दिवसच्या दिवस बुडाले, ते पण सांगायला हवं.

ते पोस्टरवरचं बायबलचं वचन, फिलिप्पै ४:१३, असतं ना, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे, ते जिंकण्यासाठी वापरतात त्याची मला चीड आहे. पौल ते बंदिवासातून लिहितोय आणि आधीच्याच वचनात भूक आणि विपुलता दोन्हीत राहायला शिकलो म्हणतोय. सर्वकाही मध्ये नापास होणं पण येतं. विल्यम कॅरी, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तो, १७९३ मध्ये इंग्लंडहून बंगालमध्ये मिशनरी म्हणून आला आणि त्याला पहिला बाप्तिस्मा देता आला १८०० च्या डिसेंबरात. १८१२ मध्ये त्याच्या सेरामपूरच्या (बंगाल) छापखान्याला आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळाली, तो परत लिहायला बसला. पहिल्या बाप्तिस्म्याआधीच्या त्या सात वर्षांत त्याला कुणी विश्वास कमी पडला म्हटलं असेल का कोण जाणे.

आणि हो, माझ्या शाळेत देव न मानणारे दोघं आहेत, माझ्यापेक्षा चिवट. त्यामुळे श्रद्धेशिवाय चिकाटी येत नाही असं मी म्हणणार नाही. मला श्रद्धेचा उपयोग झाला तो नापास झाल्यानंतरच्या रविवारी, जिथे माझा निकाल कुणी विचारत नव्हतं आणि त्या बाकावर मी जशी होते तशीच सगळ्यांना चालत होते. तिथून उठून सोमवारी परत वीस मिनिटं बसता आलं. तुम्ही पण नोकरी मिळू दे च्या जागी एखादं आजचं छोटं काम मागून बघा, आणि कंटाळा आलाय तर कंटाळा आलाय असंच सांगा त्याला, स्तोत्रांत याहून वाईट तक्रारी आहेत.

चौथ्या मुलाखतीत पण मी अडखळले, दोनदा. फक्त थांबले आणि शब्द स्वतः पूर्ण केला. यंदा माझ्या हजेरीपटावर प वरून सहा नावं आहेत. पाच निघतात. सहाव्यापाशी अजून अडते, तो पोरगा सुरुवातीला घाईने आधीच हजर म्हणून टाकायचा, आता माझं नाव घेऊन होईपर्यंत वाट बघतो.